कंपनीचा क्रँक किती ताकद सोसतो? पंप वाढवण्याआधी आणि रीमॅप मारण्याआधी

उसाचा हंगाम तोंडावर आला की चिकोडी, निपाणी, संकेश्वर पट्ट्यात ट्रॅक्टरचा डिझेल पंप ‘वाढवून’, म्हणजे इंजिनाला जास्त डिझेल सोडून, घेणाऱ्यांची गॅरेजात वर्दळ सुरू होते. बेळगाव शहरातलं गिऱ्हाईक वेगळं. कुणाला जुन्या डिझेल स्विफ्टला रीमॅप मारून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) चोर्ल्याच्या घाटात मजा करायची असते, कुणाला आरएक्स १०० चं पोर्टिंग (सिलिंडरमधल्या हवा-धुराच्या वाटा घासून मोठ्या करणं) करायचं असतं. दोघेही शेवटी एकच विचारतात: कंपनीचा क्रँक, म्हणजे पिस्टनचं वर-खाली होणं फिरण्यात बदलणारा इंजिनातला दांडा, किती एचपी घेतो?

मिस्त्रीकडून उत्तरही लगेच येतं. ‘घेतो की ओ, काही होत नाही.’ किंवा दुसऱ्या टोकाचं, ‘हात लावू नका, क्रँक तुटतोय.’ दोन्ही उत्तरांमागे बहुतेक वेळा एखाद्याच गाडीचा अनुभव असतो. खरं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: टॉर्क किती, आरपीएम किती आणि तेवढा भार किती तास. एचपी हा मात्र सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा. नव्याने या नादाला लागलेल्यांनी कुठल्या क्रमाने विचार करायचा, ते खाली मांडतो.

१. एचपी बाजूला ठेवा, टॉर्क काढा

क्रँकला पिळतो तो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. एचपी म्हणजे टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार, बाकी काही नाही. हिशेब सोपा आहे: न्यूटन मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२३, की पीएस (एचपीचंच मेट्रिक माप, जवळपास तेवढंच) मिळतो. उलटं करायचं तर पीएस गुणिले ७०२३, भागिले आरपीएम.

डिझेल स्विफ्टचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन घ्या. कंपनीचा आकडा ४००० आरपीएमला ७५ पीएस आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर. आता हिशेब करा. ४००० वर, जिथे एचपी सगळ्यात जास्त, तिथे टॉर्क आहे साधारण १३२. आणि २००० वर, जिथे टॉर्क १९०, तिथे पॉवर फक्त ५४ पीएस. म्हणजे जाळाचा सगळ्यात मोठा तडाखा क्रँकला बसतो तेव्हा गाडी कागदावर ‘कमी एचपी’ची असते. रीमॅपवाला ‘९५ एचपी करून देतो’ म्हणाला तर विचारायचा प्रश्न हा, की २००० ला टॉर्क किती नेणार? १९० चे २४० केले तर वाढ २६ टक्के, आणि ती सगळी खालच्या आरपीएमला.

जाळाचा तडाखा म्हणजे किती, याचा अंदाज असावा. याच इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६९.६ मिलिमीटर. सिलिंडरमधला दाब क्षणभर १५० बार धरला, तर पिस्टनच्या डोक्यावर जवळपास ५.८ टन वजन पडतं. हे सगळं कनेक्टिंग रॉडमधून थेट क्रँकपिनवर.

आरपीएमचं गणित वेगळं. पिस्टन आणि रॉड वर-खाली फेकले जाताना जो ओढा बसतो तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. रेडलाइन (आरपीएमची वरची मर्यादा) ६००० वरून ७००० केली तर आरपीएम वाढले १७ टक्के, ओढा वाढला ३६ टक्के. त्यात एक मेख आहे. कॉम्प्रेशननंतर पिस्टन वर असतो तेव्हा जाळाचा दाब त्या ओढ्याला थोडा अडवतो. एक्झॉस्टच्या वेळी वर जातो तेव्हा अडवायला कुणीच नसतं. म्हणून टर्बोचा दाब वाढवला तर आधी पिस्टन आणि हेड गॅस्केटवर येतं, आणि रेडलाइन वाढवली तर रॉडच्या बोल्टवर. कुठली गोष्ट वाढवणार हे ठरवलं की कुठे लक्ष ठेवायचं तेही ठरतं.

२. आपला क्रँक कुठल्या जातीचा, ते बघा

तीन जाती ओळखता आल्या पाहिजेत.

पहिला बिडाचा, म्हणजे ओतीव. पण हे साधं बीड नव्हे. क्रँकला एसजी आयर्न वापरतात, त्यात ग्राफाइटच्या पापुद्र्यांऐवजी गोळ्या असतात म्हणून ते साध्या बिडासारखं खळ्ळकन फुटत नाही. ७००/२ असा ग्रेड दिसला तर ७०० म्हणजे ताण सहन करण्याची ताकद मेगापास्कलमध्ये, आणि २ म्हणजे तुटण्याआधी ते दोन टक्के ताणलं जातं. दुसरा फोर्ज्ड, म्हणजे तापवून घणाखाली घडवलेलं पोलाद. चांगल्या मिश्रधातूचा, उष्णताप्रक्रिया केलेला फोर्ज्ड क्रँक १००० मेगापास्कलच्या आसपास जातो, आणि मुख्य म्हणजे तुटण्याआधी जास्त सोसतो.

ओळखायचं कसं? क्रँकच्या न घासलेल्या भागावर जोडाची रेघ शोधा. बारीक, सुरीने ओढल्यासारखी रेघ असेल तर ओतीव. बोटभर रुंद, घासून काढलेला पट्टा असेल तर फोर्ज्ड. दुसरी खूण आवाजाची. क्रँक दोरीला टांगून हलक्या हातोडीने टिचकी मारा. फोर्ज्ड घंटेसारखा घणघणतो, ओतीवाचा आवाज बसका आणि तोकडा. फोर्ज्ड असूनही आवाज बद्द आला तर तडा असण्याची शंका घ्या आणि पुढच्या तपासणीला पाठवा.

आपल्याकडे ही ओळख शिकणं सोपं आहे. बेळगाव हे फाउंड्री आणि क्रँकशाफ्टच्या कामाचं गाव. उद्यमबागेत एखादा ओळखीचा मशीन शॉपवाला गाठला तर दोन्ही जातींचे क्रँक शेजारी ठेवून दाखवेल. यंत्राचा नाद या मातीला जुनाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच, किर्लोस्करवाडी त्यानंतर बावीस वर्षांनी.

तिसरी जात जोडीव क्रँकची. एक सिलिंडरच्या बहुतेक मोटरसायकलींचा असतो: दोन वेगळ्या चकत्या आणि मध्ये दाबून बसवलेली पिन. आरएक्स १००, जुनी बुलेट, स्प्लेंडर या सगळ्या याच जातीच्या. इथे धातू तुटण्याआधी पिन आपल्या जागी फिरते. क्रँक तुटत नाही, वाकडा होतो, थरथर वाढते, बेअरिंग खातो. आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं आणि कंपनीचा आकडा ११ एचपी. त्याला पोर्टिंग आणि एक्स्पान्शन चेंबर बसवून वरच्या आरपीएमला पळवायचं असेल तर क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने त्याचा रनआउट (फिरताना किती डुलतो ते) मोजून घ्या, सरळ करून घ्या आणि पिनच्या टोकांना वेल्डिंगचे टाके मारून घ्या. टाके घालणाऱ्याचा हात मात्र चांगला पाहिजे, जास्त तापवलं तर सरळ केलेला क्रँक पुन्हा वाकतो. रॉयल एनफिल्डच्या ६५० चं दोन सिलिंडरचं इंजिन या गटात येत नाही, त्याचा क्रँक एकाच तुकड्याचा फोर्ज्ड आहे.

३. तोच क्रँक कंपनीने आणखी कुठे वापरलाय?

माझ्या मते सगळ्या लेखात हीच पायरी सगळ्यात कामाची, आणि हीच कुणी करत नाही.

कंपन्या एकच इंजिन दोन-तीन ताकदींत विकतात. वरचं मल्टिजेट ७५ पीएसमध्ये आलं, तसंच बदलत्या भूमितीचा टर्बो लावून ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटरमध्येही आलं. दोन्हींच्या क्रँकचा पार्ट नंबर स्पेअर पार्टच्या दुकानात तपासा. नंबर एकच निघाला तर सगळ्यात वरच्या मॉडेलचा टॉर्क हा तुमचा खात्रीचा आकडा, कारण त्यावर कंपनीने वॉरंटी दिलेली आहे. नंबर वेगळा निघाला तर कंपनीने तो का बदलला याचा विचार करा. उगाच पैसे खर्च करायला त्यांनाही आवडत नाही.

त्याच्यावर किती जायचं? निरोगी, कधी ग्राइंड न झालेला क्रँक, चांगलं तेल आणि रेडलाइन जागच्या जागी असेल तर रोजच्या वापराच्या गाडीला वरच्या मॉडेलच्या टॉर्कवर २० ते २५ टक्के मी मान्य करतो. हा नियम नाही, माझा हात इथे थांबतो एवढंच. सतत ओढकाम करणाऱ्या ट्रॅक्टरला मात्र मी १० टक्क्यांच्या वर जात नाही. कारण पुढच्या पायरीत.

४. ‘टिकणं’ म्हणजे किती तास?

परदेशी इंजिनांचे आकडे ऐकून इथली पोरं हुरळून जातात. टोयोटाच्या २जेझेड इंजिनाचा फोर्ज्ड क्रँक कंपनीच्या २८० पीएसच्या कितीतरी पट ताकदीला वापरलेला आहे, हे खरं आहे. जनरल मोटर्सच्या एलएस३ मध्ये ४३० एचपीला एसजी आयर्नचा क्रँक आणि एलएस९ मध्ये ६३८ एचपीला फोर्ज्ड, हेही खरं. पहिल्या आकड्यात आणि दुसऱ्या जोडीत फरक आहे. दुसरे आकडे कंपनीने रोज चालवायला दिलेले आहेत. पहिला बहुतेकदा ड्रॅग रेसचा.

हा फरक हिशेबाने बघा. ड्रॅगची पाव मैलाची धाव १४ सेकंदांत, सरासरी ५५०० आरपीएमला संपली, तर एका सिलिंडरमध्ये साधारण ६४० वेळा जाळ होतो. झालं, इंजिन बंद. आता दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर २००० आरपीएमला चालतोय. मिनिटाला एका सिलिंडरमध्ये १००० तडाखे. एक कोटी तडाखे व्हायला १६७ तास लागतात. रोज दहा तास धरले तर १७ दिवस. आणि हंगाम चालतो महिनोन्‌महिने.

एक कोटीचा आकडा मी उगाच घेतला नाही. पोलादाला एकाच दणक्यात तोडायला लागणारा ताण आणि पुन्हापुन्हा देऊन तोडायला लागणारा ताण यांत मोठी तफावत असते. गुळगुळीत नमुना पट्टीला साधारण निम्म्या ताणाखाली ठेवलं तर ती कोटीभर फेरे पार करते आणि पुढेही तुटत नाही. खऱ्या क्रँकला कोपरे असतात, तेलाची भोकं असतात, त्यामुळे त्याची मर्यादा याहून बरीच खाली. कंपनीने क्रँक या रेषेच्या खाली ठेवलेला असतो. तुम्ही ताकद वाढवून रेषा ओलांडली तर उद्या काही होत नाही, परवाही नाही. क्रँक मोजून फेरे घेतो आणि मग एके दिवशी सपाट रस्त्यावर, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर तुटतो. मग दोष त्या दिवशी गाडी चालवणाऱ्याला जातो.

५. क्रँकच्या आधी कोण जाईल?

नव्वद टक्के चर्चा क्रँकची होते आणि बहुतेक वेळा जातं दुसरंच. आधी क्लच घसरतो, ते बरं, कारण तो इशारा आहे. मग हेड गॅस्केट, मग पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली कड), मग रॉड वाकतो. फोर्डचं जुनं ३०२ इंजिन यात प्रसिद्ध आहे: ५०० एचपीच्या आसपास क्रँक शाबूत आणि ब्लॉकच उभा चिरतो.

पेट्रोल इंजिनात नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी होणारा भडका), डिझेलात अति इंधन, या दोन गोष्टी क्रँकपेक्षा आधी पिस्टन संपवतात. पंपाचा स्क्रू फिरवलेल्या ट्रॅक्टरचा काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, न जळलेलं डिझेल. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की उष्णता वाढते, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं, आणि तेच डिझेल इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरून तेल पातळ करतं. पातळ तेलाने बेअरिंग जातं आणि बेअरिंग क्रँकला घेऊन जातं. ‘क्रँक गेला’ अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेकदा तेल असतं.

६. इंजिन उघडलंच असेल तर

इथे घाई करू नका. क्रँकचा जीव असतो तो फिलेटमध्ये, म्हणजे पिन जिथे जाडीच्या भागाला मिळते त्या कोपऱ्यातल्या गोलाईत. तडा सुरू होतो तो याच जागी. कंपनी या गोलाईवर रोलर दाबून किंवा नायट्राइडिंग, इंडक्शन हार्डनिंग करून तिला कडक करते. ग्राइंडिंगवाल्याने दगड नीट न घडवता काम केलं तर गोलाईच्या जागी धारदार कोपरा उरतो. तसा क्रँक कंपनीच्या ताकदीलाही पुरणार नाही, वाढवलेल्या तर सोडूनच द्या. काम परत घेताना पिनचा साईज सगळे मोजतात. तुम्ही बोट घालून कोपरा चाचपा, आणि रेडियस गेज मागा. गेज नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

शेल बेअरिंग ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटरच्या अंडरसाईजमध्ये, म्हणजे तेवढ्याने बारीक केलेल्या पिनसाठी, मिळतात. व्यासाच्या घनाच्या प्रमाणात पिनची ताकद घटते, म्हणून ४५ मिलिमीटरची पिन १.०० ने उतरवली तर साडेसहा टक्के जाते. ०.५० ला साधारण सव्वातीन टक्के. हे फार नाही, पण खोल ग्राइंडिंगमध्ये वरचा कडक थरही निघून जातो, ते जास्त महागात पडतं. ताकद वाढवायच्या इंजिनात मी ०.२५ च्या पुढे गेलेला क्रँक घालत नाही. आणि वेल्डिंगने ‘भरून’ पुन्हा ग्राइंड केलेला क्रँक पाण्याच्या पंपाच्या इंजिनाला ठीक, वाढवलेल्या इंजिनाला अजिबात नाही. भरलेल्या जागेच्या कडेला धातू ठिसूळ होतो.

ग्राइंडिंगच्या आधी तडे बघून घ्या, नंतर नाही. चुंबकीय पावडरची तपासणी बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात करून मिळते. फोर्जिंग आणि मशीनिंगची कामं करणाऱ्यांकडे ती सोय असते. बेअरिंग एकदा फिरलेल्या क्रँकची पिन निळसर झाली असेल तर तिचा कडकपणा तपासल्याशिवाय तो परत बसवू नका.

बसवताना तेलाची फट मोजा. जुना ठोकताळा: व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ०.०५ च्या आसपास. पण तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअल खरं. फट मोजायची प्लास्टिगेजची पट्टी स्वस्त असते, ‘हाताला बरोबर लागतंय’ यावर समाधान मानू नका. रॉडचे आणि मेनचे बोल्ट टॉर्क रेंचने, आणि जे एकदाच वापरायचे ते नवीनच.

७. पुढच्या पुलीला हात लावू नका

बऱ्याच चार-सहा सिलिंडर इंजिनांच्या पुढच्या पुलीत रबराचा थर असतो. तो डॅम्पर आहे. प्रत्येक तडाख्याला क्रँक किंचित पिळतो आणि सुटतो; एखाद्या ठराविक आरपीएमला हे पिळणं झोपाळ्याला वेळेवर झोका दिल्यासारखं वाढत जातं. डॅम्पर ते मारतो. हलकी ॲल्युमिनियमची पुली बसवून दोन एचपी मिळाल्याचा आनंद असतो, आणि क्रँकचं नाक किंवा ऑइल पंप जातो. रबर भेगाळलेलं, बाहेर आलेलं असेल तर डॅम्पर नवीन टाका.

८. चालवताना

एक गैरसमज काढून टाकायला हवा. घाटात खालच्या गिअरला चालवलं म्हणजे क्रँकवर जास्त भार, असं अनेकांना वाटतं. गिअर चाकाला मिळणारा टॉर्क वाढवतो. क्रँकला इंजिन देतं तेवढाच टॉर्क कळतो. तवंदीच्या घाटात भरलेली गाडी वरच्या गिअरला १२०० आरपीएमवर कुंथत नेणं हेच वाईट. दाब पूर्ण, पण फेरे कमी, म्हणून बेअरिंगमधला तेलाचा थर पातळ. गिअर उतरवा, आरपीएम वर येऊ द्या. रीमॅप करणाऱ्यालाही हेच सांगा: १८०० च्या खाली टॉर्क वाढवू नकोस, चढ हळूवार ठेव. शहाणा ट्यूनर हे न सांगताच करतो.

थंड इंजिनाला पूर्ण ॲक्सिलरेटर नको. ऑइल प्रेशरचं गेज बसवून घ्या. गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय हा जुना ठोकताळा अजून चालतो. रीमॅप किंवा पंपाच्या कामानंतर पहिलं तेल लवकर बदला आणि जुना फिल्टर कापून उलगडा. घड्यांत चमकणारे कण दिसले तर ताकद परत खाली आणा आणि चेंबर उघडा. तळातून ठक-ठक आवाज आला तर घरी जाईपर्यंत थांबू नका, आहे तिथे इंजिन बंद करा. शेल बेअरिंगवर भागणारं काम पुढच्या दोन किलोमीटरमध्ये क्रँक, रॉड आणि ब्लॉकवर जातं.

९. कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सीमाभागात गाडी केए २२ किंवा केए २३ ची, काम कोल्हापुरात, फिरणं गोव्यात असा प्रकार नेहमीचा. नियम तिन्हीकडे तोच. वॉरंटी जातेच, आणि अपघातानंतर विमा कंपनी बदल शोधते. दुसऱ्याचा ट्रॅक्टर वाहतुकीच्या करारावर चालवत असाल तर पंपाला हात लावण्याआधी मालकाला विचारा, आणि पंपाचं सील तोडण्याआधी मूळ स्क्रूच्या जागेवर खूण करून फोटो काढून ठेवा.